टीव्हीचं चित्र बिघडलं? आधी टीव्हीचा मेनू उघडून बघा

टीव्हीवर चित्र नीट दिसेनासं झालं की पहिला फोन केबलवाल्याला जातो. तो म्हणतो, सिग्नल बरोबर आहे, टीव्ही दाखवून घ्या. टीव्हीचा मेकॅनिक म्हणतो, टीव्हीला काही झालेलं नाही, बॉक्स बदला. बॉक्स बदलून होतो आणि चित्र तसंच राहतं. यात आठवडा जातो आणि व्हिजिटचे पैसे दोन-तीनदा मोजावे लागतात. खरं तर बिघाड कुठे आहे हे घरच्या माणसाला रिमोट हातात घेऊन पाच-दहा मिनिटांत ठरवता येतं. दुरुस्ती भले दुसऱ्याने करावी, पण कोणाला बोलवायचं हे आपल्याला कळलं पाहिजे.

चित्राची वाट आधी समजून घ्या. छतावरची डिश किंवा केबलवाल्याची वायर, तिथून खाली येणारी जाड केबल, सेट टॉप बॉक्स, बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची एचडीएमआय किंवा तीन रंगांची वायर. मग टीव्हीच्या आत मेनबोर्ड म्हणजे मुख्य सर्किट, त्यापुढे पॅनेलला चित्र पुरवणारं टी-कॉन नावाचं छोटं सर्किट, आणि शेवटी पॅनेल म्हणजे पडदा व त्याच्या मागून उजेड देणारी बॅकलाइट. या वाटेवर बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं आहे.

आता टीव्हीच्या रिमोटवरचं मेनू किंवा सेटिंग्जचं बटण दाबा. बॉक्सचा रिमोट नाही, टीव्हीचा. पडद्यावर जो मेनू येतो तो टीव्ही स्वतः काढतो. डिश, बॉक्स, वायर यांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. मागचं चित्र तुटतंय, थरथरतंय, रंग उडालेत, पण मेनूची अक्षरं मात्र स्वच्छ आणि स्थिर आहेत, तर टीव्हीचं पॅनेल ठणठणीत आहे आणि दोष टीव्हीच्या बाहेर आहे, किंवा फार तर ज्या पोर्टात वायर लावली आहे त्या पोर्टात. उलट, उभी रेघ मेनूवरूनही तशीच जात असेल, मेनूचेही रंग विचित्र असतील, तर बॉक्सवाल्याला बोलावण्यात अर्थ नाही. बिघाड टीव्हीच्या आत आहे. आणि आवाज येतोय पण मेनू दिसतच नाही, असं असेल तर ते बहुतेकदा बॅकलाइटचं प्रकरण असतं.

मेनू स्वच्छ निघाला तर हीच चाचणी एक पायरी मागे नेऊन पुन्हा करा. बॉक्सच्या रिमोटने बॉक्सचा मेनू उघडा. तो स्वच्छ दिसतोय आणि फक्त चॅनेल तुटतायत, तर दोष डिशच्या बाजूला. बॉक्सचा मेनूसुद्धा लुकलुकत असेल, तर बॉक्स किंवा बॉक्स ते टीव्ही ही वायर. शंका राहिलीच तर पेन ड्राइव्हवर मोबाइलमधला एखादा व्हिडिओ टाकून टीव्हीच्या यूएसबीला लावा. तो नीट चालला तर टीव्हीला दोष देऊ नका.

चौकोन पडणं, चित्र अडकणं

जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. चित्र खराब व्हायचं, पण दिसत राहायचं. डिजिटल सिग्नलचं तसं नाही. सिग्नल एका मर्यादेपर्यंत कमी झाला तरी चित्रात तसूभर फरक पडत नाही, कारण थोड्याफार चुका बॉक्स स्वतः दुरुस्त करून घेतो. ती मर्यादा ओलांडली की चौकोन पडायला लागतात, आवाज तुटतो, चित्र गोठतं आणि थोड्याच वेळात ‘नो सिग्नल’ची पाटी येते. म्हणून ‘कालपर्यंत एकदम छान दिसत होतं’ याचा अर्थ काल सिग्नल भरपूर होता असा होत नाही. तो काठावर असेल आणि आज काठाच्या खाली गेला असेल.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचे दोन आकडे असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत किती जोर पोचतोय, आणि क्वालिटी म्हणजे त्यात कामाचा सिग्नल किती. दोन्ही शून्य असतील तर केबल तुटली आहे, कनेक्टर निघाला आहे किंवा डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडणारा एलएनबी गेला आहे. स्ट्रेंग्थ चांगली पण क्वालिटी शून्य, तर एलएनबी चालू आहे, मात्र डिश हलली आहे. वाऱ्याने, माकडाने, कपडे वाळत घालताना लागलेल्या धक्क्याने, कशानेही. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असल्यामुळे इथे एक-दोन अंश फरक पडला तरी सिग्नल जाऊ शकतो.

बरेच मेकॅनिकही चुकतात असा एक प्रकार म्हणजे निम्मे चॅनेल छान आणि निम्मे गायब. ग्राहकाला वाटतं पॅक संपला. पण पॅक संपला असेल तर बॉक्स तसा संदेश देतो, सिग्नल नाही असं म्हणत नाही. इथे बॉक्सवर नीट लक्ष द्यायला हवं. बॉक्स त्याच केबलमधून वर एलएनबीला वीज पाठवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. एलएनबी १३ व्होल्टवर उभ्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींवरचे, चॅनेल पकडतो आणि १८ वर आडव्याचे. मधल्या कनेक्टरला गंज चढला, केबल फार लांब झाली किंवा बॉक्सचा अडॅप्टर थकला, तर वर १८ ऐवजी १४-१५ व्होल्टच पोचतात. एलएनबीला ते १३ वाटतात आणि आडव्या गटातले सगळे चॅनेल एकदम जातात. डिश फिरवून हे कधीच सुटणार नाही. आधी कनेक्टर नवे करा, मग दुसरा अडॅप्टर लावून बघा.

कनेक्टर नवा करणं म्हणजे काय तेही बघा, कारण डिशच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. आधी बॉक्सचा प्लग काढायचा. बॉक्स चालू असताना केबलची आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होऊन बॉक्सचं एलएनबीला वीज देणारं सर्किट जाऊ शकतं. केबलचं टोक कापून ताजं करा. आतली तांब्याची तार काळी किंवा हिरवी पडलेली दिसली तर पाणी आत शिरलेलं आहे. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. वरचं प्लास्टिक साधारण १२ मिलिमीटर सोला, जाळी मागे दुमडा, मग आतलं पांढरं आवरण ६ मिलिमीटर काढा. जाळीचा एखादा केसभर धागाही मधल्या तारेला टेकायला नको. कनेक्टर बसवल्यावर पांढरं आवरण त्याच्या आतल्या तळाशी सपाट आलं पाहिजे आणि तार तोंडाबाहेर २-३ मिलिमीटर दिसली पाहिजे. तार आखूड राहिली तर कधी टेकते, कधी टेकत नाही, आणि चित्र पंखा लावल्यावर जातं की दार आपटल्यावर येतं अशा गमती सुरू होतात. वरच्या टोकाला, एलएनबीपाशी, केबलला खाली झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये न उतरता झोळातून गळून जाईल. कोकणात आणि गोव्यात खारी हवा कनेक्टर खाते. तिथे वर रबरी टेप घट्ट गुंडाळायलाच हवी आणि दर वर्षी पावसाळ्याआधी कनेक्टर उघडून बघायला हवा.

पावसाचं वेगळं आहे. डिशचे सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. एवढ्या लहान लहरी दाट पावसाचे थेंब शोषून घेतात आणि विखुरतात. मुसळधार सरीत दहा-वीस मिनिटं चित्र गेलं तर ते नैसर्गिक आहे. सर ओसरली की येईल, डिशला हात लावू नका. पण नुसती भुरभुर सुरू झाली तरी चित्र जात असेल, तर डिश नेमकी लावलेली नाही. कोरड्या दिवशी क्वालिटीचा आकडा बघत ती थोडी थोडी सरकवून घट्ट करून घ्यावी लागेल.

झाडाकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडच्या डिशचे उपग्रह महाराष्ट्रापासून आग्नेयेच्या बाजूला आहेत. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर, फ्री डिशचा ९३.५, डिश टीव्हीचा ९५ आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवर. पुण्यातून बघितलं तर ८३ अंशांचा उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे जेमतेम २७ अंश आणि आकाशात ६६ अंशांच्या आसपास उंच. १०८.२ चा मात्र बराच पूर्वेकडे आणि ४५ अंशांवरच. म्हणजे या दुसऱ्या डिशसमोर दहा मीटरवर नारळ किंवा आंबा असेल आणि तो डिशपेक्षा दहा मीटर उंच झाला की वाट बंद. तीन वर्षं उत्तम चाललेली डिश पावसाळ्यानंतर अडायला लागली तर आधी त्या दिशेची फांदी बघा. डिशची थाळी जिकडे तोंड करून बसल्यासारखी दिसते त्यापेक्षा तिची खरी नजर बरीच वर असते, हे फांदी शोधताना लक्षात ठेवा.

वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. मार्चमधल्या विषुवदिनाच्या थोडं आधी आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनानंतर काही दिवस, रोज काही मिनिटं, तुमच्या उपग्रहाप्रमाणे सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबाराच्या दरम्यान चित्र जातं. चार-सहा दिवसांत ते आपोआप थांबतं. त्यासाठी मेकॅनिक बोलावू नका.

बॉक्स आणि टीव्ही यांच्यामधली वायर

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात आणि बॉक्स व टीव्ही सुरू होताना त्यांतून एकमेकांशी बोलून घेतात. तुला कोणतं रिझोल्यूशन चालतं, कॉपी-संरक्षण आहे का, वगैरे. हे बोलणं अर्धवट राहिलं की पडदा काळा राहतो किंवा चित्र दर दोन-चार सेकंदांनी येतं आणि जातं. अशा वेळी टीव्ही आणि बॉक्स दोघांचेही प्लग भिंतीतून काढा, एचडीएमआयची दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा, दोन मिनिटं थांबून आधी टीव्ही आणि मग बॉक्स सुरू करा. जमलं नाही तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय पोर्ट, मग दुसरी वायर. क्रम हाच ठेवा, म्हणजे नेमका दोषी सापडतो. चित्रावर पांढरे-रंगीत ठिपके चमचमत असतील तर वायर गेली असं जवळजवळ खात्रीने समजा. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीच्या मागे जागा नसते, वायर काटकोनात दाबली जाते आणि पोर्टाचे टाके हलतात. तिथे काटकोनी एचडीएमआय जोड लावलेला बरा. साध्या एचडी बॉक्सला महागड्या वायरीची गरज नाही. फोर-के ६० हर्ट्झला मात्र सेकंदाला १८ गिगाबिटची वायर लागते आणि पाच मीटरपेक्षा लांब साधी वायर तिथे दगा देते.

नवा बॉक्स जुन्या टीव्हीला लावल्यावर चित्र आलंच नाही, तर बॉक्सने टीव्हीला न झेपणारं रिझोल्यूशन धरलेलं असू शकतं. बॉक्स तात्पुरता दुसऱ्या टीव्हीला लावून ते ७२०पी किंवा १०८०आय करा आणि परत आणा.

तीन रंगांच्या वायरीत पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. चित्र कृष्णधवल येतंय? बऱ्याच टीव्हींत पिवळ्याचं आणि कंपोनंटच्या हिरव्याचं भोक एकच असतं. इनपुटमध्ये ‘एव्ही’ऐवजी ‘कंपोनंट’ निवडलं गेलं की रंग जातात. ‘एव्ही’ निवडा. तरीही रंग नसतील तर कलर सिस्टिम ‘पाल’ किंवा ‘ऑटो’वर आहे ना ते बघा. काही नव्या टीव्हींना हेडफोनसारख्या एकाच पिनेची एव्ही वायर लागते, आणि तिच्यातला चित्र-आवाजाचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. बाजारातली वायर लावल्यावर चित्राऐवजी फक्त गुरगुर ऐकू आली, तर बॉक्सच्या बाजूला पिवळीची आणि लालची अदलाबदल करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

जे बिघाड नसतातच

नवा ५५ इंची फोर-के टीव्ही आणला आणि मालिका जुन्या टीव्हीपेक्षाही धूसर दिसते, ही तक्रार फार ऐकू येते. एसडी, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनेलच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. टीव्हीला एका ठिपक्यावरून वीस ठिपके बनवावे लागतात, ते खरे कुठून येणार? एचडी चॅनेल आणि एचडीएमआय वायर हाच उपाय. शार्पनेस वाढवू नका, त्याने कडांना पांढऱ्या रेघा येतात. खरं तर तो शून्याच्या जवळ नेल्यावर एसडी चित्र बरं दिसतं.

माणसं जाड दिसत असतील तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलेलं आहे. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर झूम किंवा ओव्हरस्कॅन चालू आहे. पिक्चर साइजमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ अशा नावाची निवड असते. सिनेमा मालिकेसारखा घसरता-गुळगुळीत दिसतोय, तर मोशन स्मूदिंग बंद करा. अंधाऱ्या प्रसंगात चित्र आपोआप मंद होत असेल तर आधी एनर्जी सेव्हिंग आणि प्रकाशाचा सेन्सर बंद करून बघा. ओटीटीवर चित्र मध्येच पुसट होऊन पुन्हा स्पष्ट होतं ते इंटरनेटमुळे. एचडीला सुमारे ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ ते २५ टीव्हीपाशी मिळाले पाहिजेत, राउटरपाशी नव्हे.

आवाज येतो, चित्र नाही

एलईडी टीव्हीत हा बिघाड फार आढळतो, आणि अनेक घरं इथे विनाकारण नवा टीव्ही घेतात. पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, ३२ इंची टीव्हीत बहुतेकदा दोन किंवा तीन. पट्ट्या विझल्या तरी पॅनेलवर चित्र उमटत असतंच, फक्त ते दिसायला उजेड नसतो.

खात्री अशी करा. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करून मेनू उघडा, आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. प्रकाशाच्या वर्तुळात मेनूची अक्षरं किंवा हलत्या आकृत्या पुसट दिसल्या, तर मेनबोर्ड, टी-कॉन आणि पॅनेल तिन्ही चांगली आहेत. गेली आहे ती बॅकलाइट. चालू करताच सेकंदभर चित्र येऊन काळं होतं आणि आवाज मात्र सुरू राहतो, हेसुद्धा त्याचंच लक्षण. पट्ट्यांना वीज देणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला पट्टीत गडबड दिसते आणि ते स्वतःला बंद करून घेतं.

पट्टीतल्या एलईडी दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या एकामागून एक जोडलेल्या असतात. एक उडाली की सगळी ओळ विझते. एलईडी उडतात त्या उष्णतेने, आणि उष्णता वाढते ती कारखान्यातून बॅकलाइट शंभर टक्क्यांवर ठेवलेली असल्यामुळे. दुकानाच्या लख्ख उजेडात टीव्ही उठून दिसावा म्हणून ती तशी ठेवतात. घरात तिची गरज नसते. सेटिंगमध्ये बॅकलाइट ६०-७० वर आणा, संध्याकाळी तर ५० पुरते. हे पहिल्याच दिवशी केलं तर पट्ट्यांचं आयुष्य खूप वाढतं. एक खबरदारी घ्या. काही टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे बॅकलाइट नसते, काळ्या रंगाची पातळी असते. आकडा खाली आणल्यावर काळे भाग काळेच राहून सगळं चित्र समान मंद झालं तर ती बॅकलाइट. अंधारातले बारकावेच गिळले गेले तर ती नव्हे.

पट्ट्या पूर्ण जाण्याआधी इशारे देतात. पडद्यावर गोल पांढरे डाग दिसले, तर एलईडीवर चिकटवलेली प्लास्टिकची भिंगं डिंक वाळून खाली पडली आहेत. चित्र हळूहळू निळं-जांभळं होत गेलं, तर एलईडीवरचा पिवळा फॉस्फर जळत चालला आहे. अशा वेळी सेटिंगमध्ये रंग बदलत बसू नका, पट्ट्यांचं बघा.

मेकॅनिक म्हणेल, एकच एलईडी बदलून देतो, स्वस्तात होईल. ते टाळा. बाकीच्या एलईडीही तेवढ्याच तापलेल्या असतात आणि काही महिन्यांत पुढची उडते. सगळ्या पट्ट्या एकदम बदलून घ्या. शिवाय ड्रायव्हरचा करंट थोडा कमी करून द्या असं सांगा. सर्किटवरचा सेन्स रेझिस्टर नावाचा छोटा भाग बदलून तो कमी करता येतो आणि अनुभवी मेकॅनिकला हे माहीत असतं. पट्टी बदलायला पॅनेलची काच उचलून बाजूला ठेवावी लागते, ती अतिशय पातळ असते आणि नेमकी तिथेच फुटते. पॅनेल फुटलं तर जबाबदारी कोणाची, हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट बोलून घ्या.

टीव्ही उजळतो, पण पडदा नुसता राखाडी किंवा पांढरा, चित्र नाही, तर हा बॅकलाइटचा दोष नव्हे. मेनबोर्डकडून टी-कॉनकडे जाणारी चपटी केबल सैल आहे, टी-कॉन गेला आहे, नाहीतर पॅनेल.

रेघा, डाग, उलटे रंग

एकच बारीक उभी रेघ, अगदी केसासारखी, चोवीस तास त्याच जागी, तर पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फितीचा सांधा सुटला आहे. या फितीला मेकॅनिक सीओएफ म्हणतात. रुंद पट्टाच काळा किंवा पांढरा झाला तर त्या भागाची पूर्ण फीत गेली. आडव्या रेघा गेट ड्रायव्हरच्या, म्हणजे पडद्याच्या आडव्या ओळी चालवणाऱ्या सर्किटच्या बाजूच्या. पडदा बरोबर मध्ये विभागून अर्धं चित्र गेलं, किंवा रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे झाले, तर आशा आहे, कारण दोष पुष्कळदा टी-कॉनचा किंवा त्याच्या केबलचा असतो आणि तो भाग पॅनेलच्या मानाने फारच स्वस्त. कोपऱ्यातून फुटलेले तडे आणि शाई सांडल्यासारखा डाग असेल, तर काच आतून फुटली आहे. तिला दुरुस्ती नाही आणि वॉरंटीतही ती बसत नाही. पॅनेल बदलायला बहुतेक वेळा जवळपास नव्या टीव्हीएवढे पैसे पडतात.

सुटलेल्या फितीसाठी बाँडिंग मशीनवर, म्हणजे फीत उष्णतेने दाबून पुन्हा चिकटवणाऱ्या यंत्रावर, काम करून मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे अशा सुट्या भागांचे आणि माहीतगारांचे बाजार आहेत. पण बाँडिंग किती टिकेल याची हमी कोणी देत नाही. मोठ्या आणि महाग टीव्हीसाठीच त्या वाटेला जावं. ३२ इंचीसाठी ते पैसे नव्या टीव्हीत घातलेले बरे.

मेकॅनिकने जुना मेनबोर्ड काढून युनिव्हर्सल, म्हणजे वेगवेगळ्या टीव्हींना चालणारा बोर्ड बसवल्यावर चेहऱ्यांवर रंगांचे थर दिसायला लागले किंवा चित्र उलटं-पालटं आलं, तर घाबरू नका. पॅनेलच्या मॅपिंगची, म्हणजे बोर्डाकडून पॅनेलला चित्राची माहिती कोणत्या क्रमाने जाते याची, निवड चुकली आहे. मेकॅनिकसाठी असलेल्या सर्व्हिस मेनूत ‘जेडा’ आणि ‘वेसा’ असे दोन पर्याय आणि मिररची सोय असते. ते बदललं की चित्र सरळ होतं. पैसे देण्याआधी ते करून घ्या.

रेघांचं एक कारण आपल्या हातातलं आहे, आणि ते दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत घडतं. पडद्यावर काच पुसायचा स्प्रे थेट मारला जातो. द्रव ओघळून खालच्या कडेत शिरतो, आणि बऱ्याच पॅनेलमध्ये त्या नाजूक फिती खालच्याच कडेला असतात. दुसऱ्या दिवशी रेघा. टीव्हीचा प्लग काढा, पडदा गार होऊ द्या, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने धूळ टिपा. डाग राहिलाच तर कापडाचं टोक साध्या पाण्याने जेमतेम ओलसर करा. पाणी कापडावर घ्यायचं, पडद्यावर नाही. अल्कोहोल किंवा अमोनिया असलेलं काहीही लावू नका, वरचा थर उतरतो.

वीज, दमट हवा, गडगडाट

बहुतेक टीव्हींच्या मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे कमी दाबाची चिंता नको, १५० व्होल्टवरही टीव्ही व्यवस्थित चालतो. जीव जातो तो जास्त दाबाने. गावाकडे खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात, कारण दोन फेजमधला दाब ४०० च्या आसपास असतो. तेव्हा पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेला, जादा दाब अडवणारा व्हॅरिस्टर स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. टीव्ही पूर्ण मेला असं वाटतं, पण बऱ्याचदा हे दोन स्वस्त भाग बदलून तो सुरू होतो. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर जास्त दाबाला लाइन तोडणारा घ्या.

वळवाच्या विजांपासून मात्र कोणताही स्टॅबिलायझर वाचवत नाही. गडगडाट जवळ आला की टीव्हीचा प्लग काढा आणि सोबत बॉक्सचीही केबल काढा. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. जवळ वीज पडली की झटका डिशच्या केबलमधून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत येतो. वीज पडल्यानंतर टीव्ही चालतो पण एकच एचडीएमआय पोर्ट मेलेलं असतं, त्याचं कारण हेच.

पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेल्या घरातला टीव्ही लावल्यावर रेघा दिसल्या आणि अर्ध्या तासाने गेल्या, तर आत दमटपणा आहे. भिंतीपासून टीव्ही जरा पुढे घ्या, रोज तास-दोन तास चालवा, ओल असलेल्या भिंतीवर टांगू नका. रेघा रोज जास्त वेळ राहायला लागल्या तर फितींवर गंज धरतोय, लवकर दाखवा.

मेकॅनिककडे जाताना

आधी एकदा साधा रीसेट करा. भिंतीतला प्लग काढून टीव्हीच्या अंगावरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा. मेनबोर्ड अडकला असेल तर यानेच सुटतो. स्टँडबायचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर किती वेळा ते मोजा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. प्रत्येक कंपनीच्या सर्व्हिस माणसाकडे त्या आकड्याचा अर्थ असतो. रेघेचा किंवा चित्र जाण्याचाही व्हिडिओ काढून ठेवा, मेकॅनिकसमोर टीव्ही शहाण्यासारखा वागला तर तो उपयोगी पडतो.

मागचं झाकण घरी उघडू नका. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. मेकॅनिकने झाकण उघडल्यावर मात्र पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो मागून घ्या. एकाच मॉडेलच्या टीव्हीत कंपनी वेगवेगळी पॅनेल वापरते. त्यामुळे पट्टी किंवा टी-कॉन टीव्हीच्या मॉडेलवरून न घेता पॅनेलच्या नंबरवरून घ्यावा लागतो. पट्टीच्या बाबतीत लांबी, एलईडींची संख्या आणि प्रत्येक एलईडी ३ व्होल्टची आहे की ६ ची, हे तिन्ही जुळलं पाहिजे. एक जरी चुकलं तरी पट्टी लागेल, पेटेलही, आणि महिन्याभरात जाईल.

टीव्ही परत घेताना दुकानातच तासभर चालू ठेवायला सांगा. तापल्यावरच दिसणारे दोष तेवढ्या वेळात बाहेर येतात. पेन ड्राइव्हवर पूर्ण पांढरा, पूर्ण राखाडी आणि पूर्ण काळा असे तीन फोटो नेऊन पडद्यावर लावा. पांढऱ्यावर एखादी मंद पडलेली एलईडी, राखाडीवर निसटलेलं भिंग आणि काळ्यावर कडेने पाझरणारा उजेड लगेच दिसतो. बदललेले जुने भाग आणि बिलावर नव्या भागांची नावं मागून घ्या. घरी नेताना टीव्ही आडवा झोपवू नका. उभाच धरा, पडद्याला हाताचा तळवा न लावता कडांना पकडा, आणि रिक्षात पडद्याची बाजू सीटच्या पाठीकडे ठेवून मध्ये जाड चादर घाला.